रेषा कोणी आखायची? प्लिमसोल, ब्रिटिश संसद आणि वैनगंगेचा डोंगा

१/
नागभीडपासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तरीही या जंक्शनातून जाणाऱ्या प्रत्येक मालडब्याच्या अंगावर समुद्राशी नाते सांगणारा एक आकडा रंगवलेला असतो: या डब्यात अमुक टनांहून अधिक भरू नये. वाहनाने किती ओझे वाहावे हे मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने ठरवावे आणि ते वाहनाच्या अंगावर सर्वांना दिसेल असे लिहावे, ही कल्पना आज इतकी रुळली आहे की तिच्यासाठी कोणी भांडले असेल असे वाटतही नाही. जहाजांच्या बाबतीत मात्र हे भांडण ब्रिटिश संसदेत सुमारे वीस वर्षे चालले. हा धागा त्या भांडणाचा आहे, आणि ते अर्धवट सुटल्यामुळे कोण बुडाले याचाही आहे.

२/
या कथेचा नायक म्हणून सॅम्युअल प्लिमसोल (१८२४–१८९८) याचे नाव घेतले जाते. एक संतापलेला खासदार, भर सभागृहात उगारलेली मूठ आणि लगेच झालेला कायदा, असे चित्र लोकप्रिय इतिहासात रंगवले जाते. चित्र आकर्षक आहे, पण दिशाभूल करणारे आहे. त्या दुपारनंतर झालेला कायदा पोकळ होता. त्यात जीव यायला आणखी पंधरा वर्षे लागली. आणि जीव आला तेव्हाही तो सर्वांसाठी आला नाही. इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने पाहायला हवे ते त्या दुपारीपेक्षा या पंधरा वर्षांकडे.

३/
प्रथम परिस्थिती. १८६०–७० च्या दशकांत जगाच्या व्यापाराचा फार मोठा हिस्सा ब्रिटिश जहाजांतून चाले. कोळसा, धान्य, लोखंड, लाकूड. जहाजात जितका अधिक माल, तितके अधिक भाडे. जहाज आणि माल दोहोंचा विमा उतरवलेला असे, आणि काही वेळा तो खऱ्या किमतीहून अधिक रकमेचा असे. जहाज पोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विमा मिळे. मालकाच्या हिशेबात दोन्ही बाजूंना जमा होती. खलाशाच्या हिशेबात मात्र जहाज बुडाले त्या दिवशी पगारही थांबे आणि श्वासही.

४/
मग खलाशी अशा जहाजावर चढतच का? करारावर अंगठा उठवल्यानंतर जहाजावर जायला नकार देणे हा गुन्हा होता, आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शके. जहाज गळके आहे किंवा ओझ्याने पाण्यात फार खोल बसले आहे असे दिसूनही माघार घेणारे शेकडो खलाशी या तरतुदीखाली तुरुंगात गेले. धोका पत्करणाऱ्याला शिक्षेचे भय आणि धोका निर्माण करणाऱ्याला विम्याचे कवच, अशी ही कायद्याची रचना होती. अशा जहाजांना लोक ‘शवपेटी जहाजे’ म्हणू लागले, ते उगीच नव्हे.

५/
प्लिमसोल खलाशी नव्हता आणि जहाजमालकही नव्हता. तो कोळशाचा व्यापारी होता. धंद्यात एकदा पुरता बुडून त्याने गरिबीचे दिवस पाहिले होते. १८६८ साली तो डर्बीहून उदारमतवादी पक्षातर्फे हाऊस ऑफ कॉमन्सवर निवडून आला. डर्बीलाही समुद्र नाही. जहाजावर भाररेषा असावी ही मूळ कल्पनाही त्याची नव्हती. टाइन नदीकाठचा जेम्स हॉल हा जहाजमालक ती आधीपासून मांडत होता. दुसऱ्याने रुजवलेला विचार उचलून त्याला विधेयकाचे रूप देणे आणि तो हरत असतानाही पुन्हापुन्हा सभागृहापुढे आणणे, हे प्लिमसोलचे काम. संसदीय काम बहुतांशी असेच असते.

६/
१८७३ मध्ये त्याने खलाशांच्या दुर्दशेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि देशभर खळबळ उडाली. पुस्तकात आवेश होता, पुरावे होते, आणि काही ठिकाणी घाईने केलेले आरोपही होते. त्यापायी त्याच्यावर बदनामीचे खटले झाले. त्याच वर्षी सरकारने ड्यूक ऑफ सॉमरसेट यांच्या अध्यक्षतेखाली राजआयोग नेमला. येथे लोकप्रिय कथेला पहिला धक्का बसतो. आयोगाने प्लिमसोलच्या मुख्य मागणीची, म्हणजे कायद्याने बांधलेल्या भाररेषेची, शिफारस केली नाही. तज्ज्ञांचा कौल त्याच्या विरुद्ध गेला.

७/
आयोगाचे आणि जहाजमालकांचे म्हणणे केवळ स्वार्थी होते असे मानणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांचा एक आक्षेप वजनदार होता. प्रत्येक जहाजाची बांधणी वेगळी, माल वेगळा, ऋतू वेगळा. मग सर्वांना एकच नियम कसा लावायचा? दुसरा आक्षेप असा की सरकारने रेषा ठरवली की जबाबदारीही सरकारकडे जाते. जहाज बुडाले तर मालक म्हणेल, ‘रेषा तुमची होती.’ तिसरा स्पर्धेचा. ब्रिटिश जहाजांनी कमी माल भरला तर तो परदेशी जहाजे नेतील. या आक्षेपांना उत्तर देण्यासाठी आकडे लागत होते, आणि ते १८७४ मध्ये कोणाकडेच पुरेसे नव्हते. संतापाने ही उणीव भरून निघणारी नव्हती.

८/
तरीही १८७४ च्या जूनमध्ये प्लिमसोलचे विधेयक अवघ्या तीन मतांनी पडले. पुढच्या वर्षी डिझरायलीच्या सरकारने स्वतःचे व्यापारी जहाज विधेयक आणले. २२ जुलै १८७५ रोजी, अधिवेशन संपत आले असताना, वेळ नसल्याचे कारण देऊन पंतप्रधानांनी ते मागे घेतले. शेतजमिनींविषयीच्या विधेयकाला मात्र वेळ मिळणार होता. खलाशी मतदारसंघ नव्हते, जमीनदार होते. हा हिशेब उघड दिसताच प्लिमसोलचा तोल गेला.

९/
त्याने सभागृहाच्या मधोमध येऊन जहाजमालक सभासदांना दुष्ट म्हटले, प्लीमथचे सभासद एडवर्ड बेट्स यांचे नाव घेऊन त्यांच्या बुडालेल्या जहाजांविषयी जाब विचारला आणि अध्यक्षांच्या दिशेने मूठ उगारली. डिझरायलींनी त्याला समज देण्याचा ठराव मांडला. त्यावरील निर्णय आठवडाभर पुढे ढकलला गेला. आठवड्याने प्लिमसोलने सभागृहाची क्षमा मागितली. भाषेबद्दल मागितली, आरोप मात्र मागे घेतले नाहीत. दरम्यान गावोगावी सभा भरल्या, आणि ज्या सरकारजवळ वेळ नव्हता त्याला काही दिवसांतच तो सापडला. एका वर्षापुरता तातडीचा कायदा झाला आणि १८७६ मध्ये कायमचा व्यापारी जहाज कायदा आला.

१०/
आता कायद्यातील मेख पाहावी. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेषा रंगवणे सक्तीचे केले. ती रेषा कोठे असावी हे मात्र मालकावर सोडले! एका वेल्श कप्तानाने थट्टेने ती आपल्या बोटीच्या धुराड्यावर रंगवली, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा रचलेली, कायद्याचे मर्म तिच्यात अचूक उतरले आहे. वजनकाटा कायद्याने सक्तीचा झाला, पण काट्यावरचे आकडे दुकानदारानेच लिहायचे होते. कुंपण उभे राहिले आणि त्याचे फाटक शेत खाणाऱ्याच्याच हाती राहिले.

११/
हे फाटक बंद व्हायला १८९० साल उजाडले. या मधल्या चौदा वर्षांत घडले त्यात एकही नाट्यमय दुपार नाही. १८८२ मध्ये लॉइड्स रजिस्टर या संस्थेच्या बेंजामिन मार्टेल या सर्वेक्षकाने वेगवेगळ्या आकारांच्या जहाजांसाठी पाण्यावर किती उंची कोरडी राहावी याची कोष्टके तयार केली. १८८४ मध्ये व्यापार मंडळाचे अध्यक्ष जोसेफ चेंबरलेन यांनी फाजील विम्यावर बोट ठेवणारे विधेयक आणले. जहाजमालकांच्या विरोधापुढे ते मागे घ्यावे लागले. पाठोपाठ भाररेषा समितीने कोष्टके तपासली. ‘प्रत्येक जहाज वेगळे’ या आक्षेपाचे उत्तर अखेर गणिताने दिले. १८९० च्या कायद्याने रेषेची जागा ठरवण्याचा अधिकार मालकाच्या हातून काढून घेतला.

१२/
तेव्हा प्लिमसोल संसदेत नव्हताही. १८८० मध्येच त्याने सर विल्यम हारकोर्ट यांच्यासाठी आपली जागा रिकामी केली होती. म्हणून त्याचे श्रेय कमी होत नाही. पण ते कशाचे हे नीट समजावे. प्रश्न टाळता येणार नाही अशी स्थिती त्याने निर्माण केली. उत्तर मात्र कोष्टके मांडणाऱ्यांनी, समित्यांत बसणाऱ्यांनी आणि कलमांचे शब्द तपासणाऱ्यांनी लिहिले. इतिहास पहिल्यांची स्मारके उभारतो आणि दुसऱ्यांना विसरतो. त्यामुळे पुढच्या पिढ्यांचा समज होतो की ओरडले की काम झाले.

१३/
ही रेषा नेमके काय करते? पाण्यावर कोरडा राहणारा जहाजाचा भाग म्हणजे संकटकाळची शिल्लक. लाट आली, जहाज कलले, थोडे पाणी आत शिरले, तरी ही शिल्लक त्याला सावरते. माल वाढला की शिल्लक घटते. आज वर्तुळाशेजारी पायऱ्यांसारख्या अनेक रेघा दिसतात. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून त्यात तेच जहाज अधिक खोल बसते. नदीमुखातल्या बंदरासाठी वेगळी रेघ. उष्ण कटिबंधात हवामान तुलनेने सौम्य, तेथे थोडा अधिक भार चालतो; हिवाळ्यातील उत्तर अटलांटिकसाठी सर्वांत कडक रेघ. ‘सर्वांना एक नियम कसा’ या १८७४ च्या आक्षेपाला दिलेले हे रंगवलेले उत्तर होय. १९३० च्या आंतरराष्ट्रीय कराराने ते जगाने स्वीकारले.

१४/
आता या गौरवकथेच्या दुसऱ्या बाजूकडे वळावे. ब्रिटिश जहाजांवर त्या काळी हजारो हिंदी खलाशी होते. त्यांना ‘लास्कर’ म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कोकणातले मुसलमान डेकवर राबत. गोव्याचे ख्रिस्ती खानपानाच्या सेवेत असत. ब्रिटिश खलाशाला झोपण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा द्यावी, असे कायदा सांगत होता. लास्कराला हिंदुस्थानच्या नियमांनुसार ३६ घनफूट पुरत. १९०६ मध्ये ब्रिटिश खलाशाची जागा १२० घनफुटांवर गेली. जहाज एक, समुद्र एक, वादळ एक. माणूस मात्र कायद्याच्या मापाने निम्मा.

१५/
असे का झाले याचे उत्तर सभागृहाच्या रचनेत आहे. पी अँड ओ या बलाढ्य जहाज कंपनीचे अध्यक्ष सर टॉमस सदरलँड १८८४ ते १९०० या काळात स्वतः हाऊस ऑफ कॉमन्सचे सभासद होते. रत्नागिरीच्या खलाशाचा सभासद तेथे नव्हता. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये निवडून गेले, पण फिन्सबरीच्या मतदारांनी निवडलेला एकटा माणूस साऱ्या हिंदुस्थानचे गाऱ्हाणे किती पेलणार? डर्बीच्या मतदारांना समुद्र नव्हता, पण मत होते, म्हणून त्यांचा प्रतिनिधी खलाशांसाठी उभा राहू शकला. कोकणाला समुद्र होता, मत नव्हते.

१६/
१८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेच्या आसपास माणसे गेली, असे सांगितले जाते. मुंबई सरकारच्या चौकशीत तिच्यावरील जीवरक्षक साधने अपुरी ठरली. प्लिमसोलच्या त्या गाजलेल्या दुपारीला तेव्हा तेरा वर्षे झाली होती. लंडनच्या सभागृहातील संताप अरबी समुद्रापर्यंत पोचता पोचता केवळ अहवाल होऊन उरला.

१७/
याच काळात जंगलपट्टीत काय चालले होते? चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. प्लिमसोलच्या कायद्यानंतर दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, नदीवरील उतारांसाठी ‘नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्ट’ झाला आणि तो मध्य प्रांतालाही लागू होता. घाटाचा ठेका लिलावाने द्यावा, उतराईचे दर ठरवावेत, नावांविषयी नियम करावेत, अशी त्याची रचना होती. वैनगंगेच्या काठचा ढिवर ज्या डोंग्यातून माणसे उतरवी, तो डोंगा अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला. मात्र या व्यवस्थेचा कणा उतराईचा महसूल हा होता. घाट कोणाला, किती रुपयांना, हे लिलावात ठरे. डोंगा किती खोल बसतो हे मोजायला काठावर कोण उभा असे?

१८/
परकी सरकारला प्रजेच्या जिवाचे मोल नव्हते, स्वकीयांच्या हाती कारभार आला की सारे सुधारेल, असा युक्तिवाद येथे सहज सुचतो. त्याची परीक्षा कोकणच्या किनाऱ्यावर झाली. परदेशी आगबोट कंपन्यांच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून स्वदेशीच्या प्रेरणेने एक सहकारी आगबोट कंपनी उभी राहिली. लोक तिला कौतुकाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना संतांची नावे होती. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या.

१९/
दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळातही जहाजांचा प्रश्न गाजत होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाली, तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. ते कायद्यापर्यंत पोचले नाही, पण मागणी न्याय्य होती. ती होती ‘जहाज कोणाचे?’ या प्रश्नाची. ‘जहाजात किती?’ हा प्लिमसोलचा प्रश्न मात्र राष्ट्रीय चळवळीच्या अग्रक्रमात मागे राहिला.

२०/
१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट सकाळी रेवसकडे निघाली. भर पावसाळ्याचे दिवस, बोटीत सातशेच्या आसपास माणसे. खवळलेल्या लाटांनी बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला झाले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक जण बुडाले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. इतक्या जवळची बातमी मुंबईत पोचायला सायंकाळ झाली. बोटीचे नाव संताचे होते, तिच्यामागची प्रेरणा स्वदेशी होती. पाण्याला यातले काहीच वाचता येत नाही. त्याला फक्त वजन आणि तोल कळतो.

२१/
आणि आजचे? १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर, चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. डझनाहून अधिक दगावली. त्याच वर्षी जानेवारीत गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, गणपूरजवळ, वैनगंगेत नाव उलटली. तीत मिरची तोडणीच्या मजुरीसाठी पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या बाया होत्या. त्यांतील काही परतल्या नाहीत. मुंबईच्या दुर्घटनेवर देशभर चर्चा झाली. वैनगंगेची बातमी जिल्हा पानावर आली आणि विरली.

२२/
कायदा नाही असे नाही. १९१७ चा जुना अंतर्देशीय कायदा यंत्रावर चालणाऱ्या बोटींचा होता; वल्ह्याचा डोंगा त्याला दिसत नव्हता. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने ही दृष्टी बदलली. बिनयांत्रिक नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत व्हावी आणि त्यांच्यासाठी किमान सुरक्षेची मानके ठरावीत, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे कागदावर डोंगा अखेर दिसू लागला. पण १८७६ चा धडा विसरता येणार नाही. सक्ती झाली आणि रेषा कोठे हे सैल राहिले, तर तो कायदा धुराड्यावरची रेघ ठरतो.

२३/
येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. डोंगेवाला म्हणजे काही लिव्हरपूलचा जहाजमालक नव्हे. त्याच्याजवळ विमा नाही, फाजील नफा नाही; बहुतेकदा तो प्रवाशांइतकाच गरीब असतो आणि त्यांच्याबरोबरच बुडतो. त्याच्यावर दंडुका उगारला तर डोंगा बंद होईल, आणि पूल कित्येक कोस दूर असलेल्या गावातल्या बायांची मजुरी बुडेल. मग त्या आणखी वाईट नावेतून जातील. हा आक्षेप खरा आहे. जबाबदारी नेमकी कोणावर टाकायची, हेही त्याच्यामुळेच स्पष्ट होते.

२४/
१८७० च्या दशकातील लढ्याचे सार असे होते की धोक्यासाठी खलाशाला तुरुंगात टाकू नका. ज्याच्या हाती ओझे ठरवण्याची सत्ता आहे त्याला बांधा. वैनगंगेवर ही सत्ता वल्हे मारणाऱ्याच्या हाती फारशी नसते. ती असते घाटाचा ठेका देणाऱ्याकडे, पूल कोठे आणि केव्हा बांधायचा हे ठरवणाऱ्याकडे, मजुरांना पहाटे पलीकडे बोलावून त्यांच्या प्रवासाची जबाबदारी न घेणाऱ्याकडे. डोंग्याच्या कुशीवर पांढरी रेघ ओढायला डबाभर रंग पुरतो. पण ती रेघ मालकाखेरीज दुसऱ्याने मोजून ओढली पाहिजे, ती बुडाली तर नाव न सोडण्याचा अधिकार काठावरच्या कोणाला तरी असला पाहिजे, आणि प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर सार्वजनिक खर्चाने जीवरक्षक जाकीट असले पाहिजे. मोठा पूल होईपर्यंत एवढे तरी शक्य आहे.

२५/
इतिहासाच्या तरुण वाचकांसाठी यातून एक वेगळी कामगिरीही निघते. ब्रिटिश संसदेतील कामकाज छापून ठेवले गेले, म्हणून १८७४ ची तीन मते आज मोजता येतात. वैनगंगेच्या घाटांचे काय? कोणता घाट केव्हा, कितीला गेला, कोणत्या साली नाव बुडाली, किती माणसे गेली, चौकशीत काय ठरले, याच्या नोंदी जुन्या दप्तरांत, गॅझेटियरांत, पोलीस पाटलांच्या कागदांत आणि वृद्ध ढिवरांच्या स्मरणात विखुरलेल्या आहेत. त्या गोळा करणे हे आरमारांच्या लढायांइतकेच इतिहासाचे काम आहे. प्लिमसोलच्या हाती बुडालेल्या जहाजांची यादी होती; तिच्या बळावरच तो उभा राहू शकला. ज्यांची यादी होत नाही त्यांच्यासाठी मूठ उगारायलाही कोणी उठत नाही.

२६/
कोणत्याही सुरक्षा-कायद्याला तीन प्रश्न विचारावेत. रेषा आहे का? ती कोणी आखली? आणि तिच्या बाहेर कोण राहिले? १८७६ मध्ये पहिल्याचे उत्तर मिळाले, १८९० मध्ये दुसऱ्याचे. तिसऱ्याचे उत्तर लास्करांना मिळाले नाही, ‘रामदास’च्या प्रवाशांना मिळाले नाही आणि मिरची तोडायला निघालेल्या बायांनाही मिळाले नाही. ते उत्तर आता लंडनच्या सभागृहात शोधण्याचे कारण नाही. ते ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मागता येते. कारण जंगलपट्टीला समुद्र नसला तरी आता मत आहे.

(धागा समाप्त)